दोन घड्याळे

मुंबईहून जेद्दा सुमारे ३५०० किलोमीटर दूर आहे. पूर्वी हजचे यात्रेकरू मुंबईहून जहाजाने जात. त्यांना कित्येक दिवस लागत. ही जहाजे १९९५ साली बंद झाली. आता विमानाने सुमारे पाच तास लागतात.

समजा, नानांचे विमान सकाळी १० वाजता सुटले. तिकिटावर पोहोचण्याची वेळ १२.३० आहे. घरी साडेबारा वाजून गेले, तरी फोन नाही. नानी काळजीत पडल्या.

पण काळजीचे कारण नाही. जेद्दा आपल्या पश्चिमेला आहे. तिथे सूर्य आपल्यापेक्षा उशिरा उगवतो. म्हणून तिथले घड्याळ अडीच तास मागे असते. तिकिटावरची वेळ तिथली आहे. नाना उतरतील, तेव्हा आपल्याकडे दुपारचे ३ वाजलेले असतील.

मुलांनो, नानींना हा हिशेब समजावून सांगा.