ऑटोमॅटिक गाडी उचल घेत नाही : दोष नेमका कोठे शोधावा?

मुंबईत कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर किंवा तशाच कुठल्याही गॅरेजच्या वस्तीत तासभर उभे राहिले, तर एक तक्रार हमखास कानी पडते : "उस्ताद, गाडीला पिकअप नाही." पूर्वी ही तक्रार आली की कार्बोरेटर उघडायचा, जेट फुंकायचा, पॉइंट घासायचे, प्लग साफ करायचे आणि संध्याकाळी गाडी देऊन टाकायची. आता तीच तक्रार घेऊन येणारी लहान गाडी पुष्कळदा ऑटोमॅटिक असते. तिच्या आत काय आहे याची गिऱ्हाइकाला कल्पना नसते आणि खरे बोलायचे तर आपल्या कित्येक कारागीर बंधूंनाही नसते. मग सोपा मार्ग म्हणजे "गिअरबॉक्स गेला" असे सांगून टाकणे. या एका वाक्याची किंमत गिऱ्हाइकाला कित्येक हजारांत मोजावी लागते. निदान चुकले तर तीच किंमत पुढे गॅरेजवाल्यालाही मोजावी लागते, फक्त ती बिलावर दिसत नाही.

भिवंडीच्या एका कापड व्यापाऱ्याची गोष्ट आम्ही जवळून पाहिली. ठाणे-भिवंडी रस्त्यावरच्या गर्दीला कंटाळून त्यांनी लहान ए.एम.टी. गाडी घेतली होती. तिसऱ्या वर्षी गाडी उचल घेईनाशी झाली. एका गॅरेजने क्लच झिजल्याचे सांगून क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट बदलली. गाडी पळू लागली. आठ महिन्यांत पुन्हा तोच प्रकार! त्या गॅरेजने या वेळी दोष मालकाच्या पायाला दिला : "सेठ, तुम्हाला ऑटोमॅटिक चालवता येत नाही." शिवाय आता क्लचबरोबर अ‍ॅक्चुएटरही बदलावा लागेल, म्हणून जो अंदाज दिला तो पाऊण लाखाच्या घरात गेला. सेठ गाडी घेऊन कुर्ल्याला एका जुन्या उस्तादाकडे आले. योगायोगाने आम्ही तेव्हा तिथेच चहा घेत बसलो होतो.

उस्तादांनी बॉनेटला हात लावला नाही. आधी प्रश्न विचारले. गाडी थंड असताना ओढते की गरम झाल्यावर? चढावरच अडते की सपाटीवरही? एकदम बिघडली की हळूहळू? अ‍ॅव्हरेज किती पडले? शेवटच्या प्रश्नाला सेठ म्हणाले, "अ‍ॅव्हरेज तर पहिल्या क्लचच्या आधीपासूनच पडले आहे, चाचा. पेट्रोलच खराब येते हल्ली." उस्तादांनी मान डोलावली आणि गाडी फिरवून आणायला घेतली. आम्ही मागे बसलो.

येथे थोडे थांबून गिअरबॉक्सच्या जातीविषयी सांगितले पाहिजे, कारण सर्व घोटाळा येथूनच सुरू होतो. ऑटोमॅटिक म्हणजे एकच वस्तू नव्हे. ए.एम.टी. हा साध्या गाडीचाच गिअरबॉक्स आणि साधाच कोरडा क्लच असतो. फक्त पायाचे आणि हाताचे काम कॉम्प्युटरच्या हुकमाने अ‍ॅक्चुएटर करतो. 2014 साली मारुतीने सेलेरिओ गाडीत हा प्रकार आणला आणि स्वस्त गाड्यांत तो पसरला. दुसरा प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा. त्यात क्लच पेडलच्या जागी तेलाचा प्रवाह शक्ती पोहोचवतो. तिसरा सी.व्ही.टी., ज्यात दातांच्या गिअरऐवजी पट्टा आणि लहानमोठ्या होणाऱ्या पुल्या असतात. सी.व्ही.टी.मध्ये आधी इंजिनचा आवाज चढतो आणि वेग मागून येतो, तर ए.एम.टी. गिअर बदलताना क्षणभर डुलकी घेते. हे दोन्ही दोष नव्हेत, स्वभाव आहेत. नवीन गाडी घेतलेले गिऱ्हाईक हीच तक्रार घेऊन आले, तर त्याला समजावून परत पाठवावे. गाडी उघडू नये.

आता खरी मेख आर.पी.एम.च्या काट्यात आहे. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर काटा झरझर वर जातो पण गाडीचा वेग त्या मानाने वाढत नाही, तर इंजिन शक्ती देते आहे आणि ती वाटेत कोठेतरी निसटते आहे. ए.एम.टी.त क्लच, इतर दोन प्रकारांत आतल्या प्लेटा, पट्टा किंवा तेल यांवर संशय घ्यावा. उलट काटाच जड चढत असेल, तर इंजिन कमजोर आहे, किंवा गिअरबॉक्स बिघाड ओळखून वरच्या एकाच गिअरमध्ये अडकून बसला आहे, किंवा गाडीला कोणी मागे धरून ठेवले आहे.

सेठच्या गाडीत काटा वर जात होता आणि वेग मागे राहत होता. म्हणजे क्लच घसरत होता. पहिल्या गॅरेजचे निदान खोटे नव्हते. पण ते अर्धेच होते.

सपाट, मोकळा रस्ता मिळताच उस्तादांनी वीसच्या वेगावर गाडी न्यूट्रल केली आणि दोन्ही पाय उचलले. चांगली गाडी अशी सोडली तर आरामात घरंगळत जाते. ही थोडे अंतर जाऊन बसल्यासारखी थांबली. खाली उतरून त्यांनी चारही चाकांवर बाटलीतले पाणी शिंपडले. मागच्या डाव्या ड्रमवर पाणी चुर्र करून उडाले. गॅरेजमध्ये जॅक लावल्यावर ते चाक हाताने फिरेना. हँडब्रेकच्या केबलमध्ये पावसाचे पाणी शिरून आतली तार गंजली होती. लिव्हर खाली येत होता, पण ब्रेक शू जागेवर परतत नव्हते. डॅशबोर्डवरचा हँडब्रेकचा दिवा लिव्हरपाशी असलेल्या स्विचवर चालतो, म्हणून तो इमानेइतबारे विझत होता आणि सेठना काहीच कळत नव्हते. गाडी महिनोन्‌महिने ब्रेक लावलेल्या स्थितीत ओढली जात होती. गर्दीत प्रत्येक वेळी उभ्या गाडीला हलवताना क्लच जास्त घासत होता. पहिला क्लच असा गेला आणि दुसराही त्याच वाटेने निघाला होता. तिसराही गेला असता.

स्कॅनरचे काय, असे वाचक विचारतील. तो लावला होता. क्लच घसरत असल्याचे त्याने सांगितले, पण गंजलेल्या केबलला सेन्सर नसतो, त्यामुळे तिच्याविषयी तो मुका राहिला. स्कॅनर उपयोगाची वस्तू आहे, घ्यावीच. पण कोडने ज्या भागाचे नाव घेतले तो भाग गुन्हेगार असेलच असे नाही, कधी तो मार खाणारा असतो.

इंजिनकडे संशय गेला तर आधी स्वस्त गोष्टी पाहाव्यात. पेडलखाली जाड मॅट सरकून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दबतच नाही, असेही घडते, हसू नये. एअर फिल्टर, त्यात उंदराने आणलेल्या चिंध्या, थ्रॉटल बॉडीतला काजळीचा थर, प्लग, कॉइल. तीन सिलिंडरच्या लहान इंजिनात एक कॉइल मेली की तिसरा हिस्सा ताकद गेलीच, शिवाय न जळलेले पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळते. तो आतून वितळून तुंबला की कॉइल नवी टाकूनही पिकअप येत नाही. याची तपासणी जुन्या व्हॅक्यूम गेजने उत्तम होते. साध्या पेट्रोल इंजिनात आयडलला काटा साधारण 17 ते 21 इंचांवर स्थिर असतो. आर.पी.एम. 2500 वर धरून ठेवले आणि काटा हळूहळू खाली उतरत गेला, तर धूर बाहेर जायला वाट नाही असे समजावे. हे गेज पुष्कळ गॅरेजांत धूळ खात पडलेले असते.

पेट्रोलमधील इथेनॉलवर सगळा दोष टाकण्याची नवी रीत पडली आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे 20 टक्के मिश्रणाने अ‍ॅव्हरेज थोडे उतरते हे खरे. पण कालपर्यंत पळणारी गाडी आज चढावर थांबत असेल, तर कारण दुसरीकडे शोधावे.

एक इशारा मात्र ठळकपणे द्यावासा वाटतो. ब्रेक दाबून, डी मध्ये टाकून, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊन आर.पी.एम. पाहण्याची जी तपासणी आहे, ती फक्त टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीसाठी आणि तीही कंपनीच्या पुस्तकाने परवानगी दिली असेल तरच, पाच सेकंदांच्या आत. ए.एम.टी.वर ती केली तर चांगला क्लच तुमच्याच हाताने जळेल. तसेच तेलाचे. सी.व्ही.टी.चे तेल वेगळे असते. "ऑटोमॅटिकचेच आहे" म्हणून लाल ए.टी.एफ. ओतले तर गिअरबॉक्स खलास, आणि भरपाई मागायला गिऱ्हाईक तुमच्याच दारी येणार.

आपल्या धंद्यातील एक अडचण आम्हाला येथे मांडलीच पाहिजे. गिऱ्हाईक पार्टचे पैसे बिनतक्रार देते, डोक्याचे देत नाही. दोन तास खपून साठ रुपयांचा दोष सापडला तर "एवढेच होते ना?" म्हणून हात झटकते. त्यामुळे कारागीर पार्ट विकण्याकडे वळतो. यावर उपाय म्हणजे तपासणीची मजुरी आधीच सांगून, लिहून, वेगळी घेणे. दोष लहान निघो वा मोठा. सुरुवातीला काही गिऱ्हाइके जातील. कुर्ल्याच्या त्या उस्तादांचीही गेली होती, असे ते सांगतात.

सेठच्या गाडीला नवी केबल, मागचे ब्रेक शू आणि ड्रम साफ करणे एवढे काम निघाले. क्लचही खोलून पाहिला. प्लेट काचेसारखी गुळगुळीत आणि निळसर पडली होती, म्हणून ती बदलावीच लागली. बसवल्यावर स्कॅनरने क्लच कोठे पकडतो ते गाडीला नव्याने शिकवावे लागते. ते न करता गाडी दिली तर ती उठताना थरथरते आणि गिऱ्हाईक चार दिवसांत परत येते. अ‍ॅक्चुएटर मात्र ठणठणीत होता. बिल पाऊण लाखाच्या तिसऱ्या हिश्शातच आटोपले, त्यात तपासणीची मजुरी वेगळ्या ओळीत लिहिलेली.

पैसे दिल्यावर सेठनी जुने पार्ट मागून घेतले. क्लच प्लेट त्यांनी तिथेच भंगारात टाकली. गंजलेली केबल तेवढी वर्तमानपत्रात गुंडाळून गाडीत ठेवली आणि म्हणाले, "ही भिवंडीला दाखवायची आहे."