खजुराचे तुरे आणि बारावीचे जीवशास्त्र

गेल्या गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेत उभा असताना मंडळातल्या एका भगिनींनी मला गाठले. त्यांचा मुलगा अकरावीला, विषय बायॉलॉजी. "तुमची थोरली यातून गेली आहे. काय काय करावे लागते ते एकदा नीट सांगा ना," त्या म्हणाल्या आणि 'नीट' या शब्दावर आम्ही दोघेही हसलो. रांग पुढे सरकली, मोदक हातात आला आणि सांगायचे राहून गेले. पुढच्या दोन महिन्यांत आणखी तीन-चार जणांनी हेच विचारले, म्हणून आता लिहूनच काढतो आहे. मी पेशाने स्थापत्य अभियंता. १९८८ साली लातूरला बारावी झालो आणि जीवशास्त्राशी माझा संबंध तिथेच संपला. तेव्हा हे काही तज्ज्ञाचे लेखन नव्हे. मुलीच्या अभ्यासात स्वतः चुका केलेल्या एका बापाचे आहे, इतके लक्षात ठेवून वाचावे.

पहिली गोष्ट अशी की, आपल्या मुलांना एकाच पुस्तकावर दोन परीक्षा द्याव्या लागतात आणि त्या दोन्हींचा स्वभाव अगदी वेगळा आहे. दोह्यातल्या भारतीय शाळांत बहुतेक मुले सीबीएसईची बारावी करतात. तिथे बायॉलॉजीचा लेखी पेपर ७० गुणांचा आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचे. २०२३ पासूनच्या पेपरांत ३३ प्रश्न असतात: सोळा एकेका गुणाचे, मग दोन, तीन, चार असे चढत जाऊन शेवटी पाच गुणांचे तीन. तपासणाऱ्याच्या हाती मुद्द्यांची यादी असते. मुद्दा आला, गुण मिळाला. भाषा किती फुलोऱ्याची आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते; पण आकृती हवी, तिला नावे हवीत आणि शास्त्रीय शब्द जागच्या जागी हवा.

'नीट'मध्ये लिहायचे काहीच नाही, फक्त गोळे काळे करायचे. ७२० पैकी ३६० गुण एकट्या बायॉलॉजीचे, म्हणजे भौतिक आणि रसायन मिळून जेवढे तेवढे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक वजा. २०२१ ते २०२४ या काळात २०० प्रश्नांतले १८० सोडवायचे होते आणि त्यासाठी २०२१ साली १८० आणि २०२२ पासून २०० मिनिटे होती. २०२५ साली ती निवड गेली आणि पुन्हा १८० प्रश्न, १८० मिनिटे असा हिशेब आला. मिनिटाला एक प्रश्न! भौतिकशास्त्रातले गणित मिनिटात सुटत नाही, म्हणून शिकवणारे सांगतात की बायॉलॉजीचे नव्वद प्रश्न पाऊण तासात उरका आणि वाचलेला वेळ तिकडे द्या. ऐकायला सोपे वाटते.

जाता जाता अभियंत्याचा एक हिशेब. चार पर्यायांतला एक डोळे मिटून निवडला तर सरासरीने पाव गुण पदरात पडतो, कारण चार वेळांत एकदा चार मिळतात आणि तीनदा एकेक जातो. हे मी मुलीला मोठ्या ऐटीत समजावले होते. पण परीक्षेत कोणी डोळे मिटून निवडत नाही. अर्धवट आठवणाऱ्या मुलाला जो पर्याय ओळखीचा वाटावा तोच चुकीचा म्हणून मुद्दाम ठेवलेला असतो. माझे गणित बरोबर होते, पण या प्रश्नाला ते लागू नव्हते.

केंद्राचीही थोडी हकिकत सांगायला हवी, कारण नव्याने आलेल्या कुटुंबांना ती ठाऊक नसते. २०२० पर्यंत या परीक्षेसाठी आपल्या मुलांना भारतात जावे लागे. करोनाच्या त्या वर्षी परदेशात केंद्र द्यावे म्हणून आखाती देशांतले पालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. केंद्र मिळाले नाही. 'वंदे भारत' विमानांनी मुलांना येऊ द्यावे, एवढे न्यायालयाने सांगितले. २०२१ साली कुवेत आणि दुबई इथे केंद्रे झाली आणि २०२२ साली परदेशातल्या १४ शहरांत दोह्याचे नाव आले. २०२४ साली सुरुवातीच्या जाहीर यादीत परदेशातले एकही शहर नव्हते. काही दिवसांनी ती शहरे परत आली. ते दिवस इथल्या घराघरांत कसे गेले असतील, ते वेगळे सांगायला नको. म्हणून माहितीपत्रक दरवर्षी नव्याने वाचावे, मागच्या वर्षीच्या भरवशावर राहू नये.

आमच्या थोरलीची परीक्षा ७ मे २०२३ रोजी झाली. वार रविवार, भारतात सुटीचा, आपल्याकडे कामाचा. भारतातले दुपारचे दोन म्हणजे आपले साडेअकरा, आणि फाटक त्याआधी अर्धा तास बंद होते. बाहेर चाळीस अंशांच्या आसपास ऊन आणि अर्ध्या बाह्यांच्या कपड्यांत, पायांत चपला घालून उभी असलेली मुले. इथे एक साधी सूचना करतो: सरावाचे पेपर रात्री नऊला सोडवून घेऊ नका. शनिवारी सकाळी साडेअकराला बसवा. डोके ज्या वेळी चालायला हवे, त्या वेळेची त्याला सवय लागते.

आता माझी चूक सांगतो. एनसीईआरटीने २०२२ साली पुस्तकांची छाटणी केली. बारावीच्या बायॉलॉजीतले 'सजीवांतील प्रजनन' हे पहिलेच प्रकरण गेले, अन्नोत्पादनवाढीचे गेले आणि पर्यावरणाच्या प्रश्नांचेही गेले. मी त्या प्रकरणांवर स्वतः पेन्सिलने फुली मारली आणि मुलीला म्हटले, "यात वेळ घालवू नकोस." पण २०२३ च्या 'नीट'चा अभ्यासक्रम जुनाच होता, ही प्रकरणे तिथून गळाली ती २०२४ च्या परीक्षेपासून. म्हणजे त्या एका वर्षी बोर्डाला नको असलेला भाग 'नीट'ला हवा होता. हे आम्हाला कळले जानेवारीत, आणि तेही तिच्या एका मैत्रिणीमुळे. ज्या क्लासला आम्ही वर्षभर पैसे भरत होतो, त्याने याबद्दल अवाक्षर काढले नव्हते.

त्या फुली मारलेल्या प्रकरणात एक ओळ होती: पपई आणि खजूर यांची नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. उन्हाळ्यात दोह्यात रस्तोरस्ती ज्या झाडांच्या घोसांना जाळ्या बांधलेल्या दिसतात, तेच हे झाड. पण मुलीला ती ओळ पपईपुरतीच लक्षात राहिली होती.

फेब्रुवारीअखेर, बोर्डाच्या पेपराला दोनेक आठवडे असताना, घरात नुसता ताण होता. माझी पत्नी म्हणाली, "एक दिवस हिला बाहेर काढा, नाहीतर वेड लागेल." अल खोरच्या वाटेवर आमच्या ओळखीच्या एकांचे शेत आहे, तिथे गेलो. योगायोगाने खजुराचे परागीभवन चालू होते. उत्तर प्रदेशातले एक चाचा कंबरेला पट्टा लावून झाडावर चढलेले. त्यांच्या झोळीत नर झाडाच्या तुऱ्याच्या काड्या, पांढरट, पिठूळ. मादी झाडाचा तुरा कोषातून नुकता उघडलेला. त्यात त्यांनी दोन-चार काड्या उलट्या खोचल्या, वरून सैलसर बांधले आणि पुढच्या तुऱ्याकडे वळले. वाऱ्यावर सोडले तर निम्मी फळे धरणार नाहीत. माणसाने हे काम हाती घेतले की चाळीस-पन्नास माद्यांमागे एक नर पुरतो आणि उरलेली जमीन फळ देणाऱ्या झाडांसाठी मोकळी राहते. इराकपासून ओमानपर्यंत हे हजारो वर्षे असेच चालत आले आहे.

मुलगी बराच वेळ बघत राहिली आणि मग तिने खालून हाक मारून विचारले, "चाचा, पहले मादा फूल के पुंकेसर नहीं निकालते?" चाचा वरूनच हसले. "इसमें नर होता ही नहीं बिटिया, निकालूँ क्या?"

आदल्याच आठवड्यातल्या सराव परीक्षेत तिचा नेमका हा प्रश्न चुकला होता. मादी पालक एकलिंगी फुलांचा असेल तर संकर करताना कोणती पायरी लागत नाही? उत्तर आहे, पुंकेसर काढून टाकण्याची. पुस्तकात ते एका वाक्यात दिले आहे. तिने 'एमॅस्क्युलेशन आणि बॅगिंग' ही जोडी एका दमात पाठ केली होती, त्यामुळे त्यातली एक पायरी केव्हा गळते आणि का गळते, हा विचारच मनात आला नव्हता. आणि ती जोडी तिच्याकडून घोकून घेणारा मीच होतो.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. रात्री जेवताना मी तिला पुस्तकातले एक वाक्य वाचून दाखवायचो आणि तिने ते मला मराठीत समजावून सांगायचे. यात माझाही फायदा झाला. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला मी, अकरावीला इंग्रजी शब्दांनी गांगरून गेलो होतो. ते मराठी शब्द आता उपयोगी पडले. 'एंडोस्पर्म' या शब्दावरून मुलाला काहीच कळत नाही. 'भ्रूणपोष' म्हटले की भ्रूणाचे पोषण करणारा, एवढे तरी हाती लागते. मग शहाळे फोडून दाखवावे: पाणी म्हणजे पेशीभित्ती न पडलेला, नुसत्या केंद्रकांचा भ्रूणपोष आणि खोबरे म्हणजे पेशी बनलेला. पुस्तकातही हेच उदाहरण आहे.

खजुराचेच घ्या. त्याच्या पेशीत ३६ गुणसूत्रे असतात, म्हणून परागकणातल्या नरयुग्मकात १८ आणि अंडपेशीत १८. त्यांच्या मीलनातून होणाऱ्या भ्रूणात ३६. दुसरे नरयुग्मक मात्र दोन ध्रुवीय केंद्रकांशी एकरूप होते, म्हणून भ्रूणपोषात १८ च्या तिप्पट, म्हणजे ५४. खजूर खाऊन आपण जी कठीण बी टाकून देतो, ती जवळजवळ सगळी हा ५४ गुणसूत्रांचा भ्रूणपोषच. बोर्डात द्विफलनावर पाच गुणांचा प्रश्न आला तर हेच आकृतीसह लिहायचे (भ्रूणकोशात सात पेशी, आठ केंद्रके, हे विसरायचे नाही), आणि 'नीट'मध्ये जोड्या लावा म्हणून आले तर हाच हिशेब मनात करायचा.

त्याच पुस्तकात मृत समुद्राजवळ हेरॉड राजाच्या वाड्याच्या उत्खननात सापडलेल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या खजुराच्या बीचा उल्लेख आहे. अशी एक बी २००५ साली रुजवली, तिचे झाड नर निघाले. पुढे तशाच दुसऱ्या जुन्या बीपासून मादी झाड वाढले, तिला या नराचे परागकण दिले आणि २०२० साली खजूर धरले. ही पुढची गोष्ट परीक्षेला येत नाही, पण ती ऐकल्यावर बीच्या जीवनक्षमतेवरचा प्रश्न आमच्या मुलीचा कधी चुकला नाही. आपल्या गावाकडची शिंदी ही याच खजुराची सख्खी बहीण आणि तिच्यातही नर-मादी वेगळे, हे मलाही तेव्हाच कळले. पुणे विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या त्र्यं. शं. महाबळे यांनी या ताडकुळातल्या झाडांवर पुष्कळ काम केले आहे. अल ठखिराच्या खाडीत पाण्याबाहेर डोकावणारी तिवरांची श्वसनमुळे आणि ठाण्याच्या खाडीतली, एकाच जातीची. आखाती हरिण ओरिक्स १९७२ साली रानातून नाहीसे झाले आणि बंदिस्त पैदाशीतून परत आले, हे कतारच्या मुलांना वेगळे पाठ का करावे लागावे?

प्रात्यक्षिकाबद्दल थोडक्यात. ३० गुण पालक गृहीत धरतात, ते धरू नयेत. परागकण काचपट्टीवर रुजवण्याचा प्रयोग सदाफुलीच्या फुलावर होतो आणि सदाफुली दोह्याच्या बागांत भरपूर आहे. कांद्याच्या मुळाच्या टोकावरचे पेशीविभाजन पहिल्या झटक्यात कोणालाही दिसत नाही. शाळेत हे दोनदाच होते, त्यामुळे तेवढ्या वेळा मुलाने मागे उभे राहू नये.

प्रवेशाबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण इथे अनेकांचा मोठा गैरसमज आहे. आपण मराठी आहोत, घर नाशिकला किंवा सांगलीला आहे, अधिवासाचा दाखलाही आहे, म्हणून मुलाला महाराष्ट्राच्या ८५ टक्के राज्य कोट्यातून वैद्यकीय प्रवेश मिळेल असे आपण धरून चालतो. तसे नाही. काही सरकारी नोकरांच्या मुलांचे अपवाद सोडले तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागतात. दोह्यात शिकलेल्या मुलासाठी उरतात त्या सरकारी महाविद्यालयांतल्या १५ टक्के अखिल भारतीय जागा, अभिमत विद्यापीठे आणि एनआरआय जागा, आणि त्यांच्या शुल्कातला फरक लाखांत नाही, कोटीपर्यंत जाऊ शकतो. परदेशात एमबीबीएस करून भारतात परतायचे असेल तरी 'नीट' उत्तीर्ण असावेच लागते. एज्युकेशन सिटीत २००१ पासून वाइल कॉर्नेलचे वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण त्याची प्रवेशाची वाट निराळी. हा विचार मूल नववीत असताना व्हायला हवा. आम्ही बारावीच्या दिवाळीत केला.

थोरलीला बायॉलॉजीत ३६० पैकी ३१२ मिळाले. भौतिकशास्त्राने घात केला आणि सरकारी जागेपर्यंत ती पोहोचली नाही. पुन्हा एक वर्ष द्यायचे का, यावर आमच्या घरात महिनाभर बोलणे चालले. खरे तर मीच बोलत होतो. शेवटी ती म्हणाली, "बाबा, मला त्या खजुराच्या झाडावरचा प्रकार जितका आवडला, तितके हॉस्पिटल कधी आवडले नाही, हे तुम्ही एकदाही विचारले नाहीत." खरोखरच विचारले नव्हते. ती पुण्याला मायक्रोबायॉलॉजी घेऊन बी.एस्सी.ला गेली.

धाकटा आता नववीत आहे. त्याला काय व्हायचे आहे ते अजून त्यालाच ठाऊक नाही. फेब्रुवारीत चाचांच्या शेतावर पुन्हा जाणार आहोत; मंडळातल्या ज्यांना मुलांना घेऊन यायचे असेल त्यांनी मला आधी सांगावे, म्हणजे शेताच्या मालकांना कळवता येईल.