भित्तिचित्रांना लागलेला लोणा

कळंब, राजोडी, अर्नाळा या किनारपट्टीत घर बांधलेल्या प्रत्येकाला लोणा ठाऊक आहे. रंग फुगतो, पोपडे सुटतात आणि खाली मिठाची पांढरी भुकटी दिसते. इजिप्तमध्ये लक्झरजवळ राणी नेफरतारीच्या थडग्याची चित्रंही याच लोण्याने पोखरली.

दुसऱ्या रामसेस या राजाची ही राणी. डोंगर कोरून केलेलं तिचं थडगं १९०४ साली अर्नेस्टो स्क्यापरेली या इटालियन संशोधकाला सापडलं, तेव्हाच गिलावा ठिकठिकाणी निखळलेला होता. भोवती वाळवंट, पाऊस जवळपास नाहीच. मग लोण्याला लागणारं मीठ आणि ओल आली कुठून? तिथला चुनखडक प्राचीन समुद्रतळाशी तयार झालेला, त्यामुळे मीठ दगडातच मुरलेलं. त्यावर चित्रकारांनी ओला गिलावा चढवला. पुढे क्वचितच्या पुराचं पाणी झिरपलं आणि विसाव्या शतकात पर्यटकांच्या श्वासाची, घामाची वाफ आली. पाण्यात विरघळलेलं मीठ पृष्ठभागाकडे सरकतं. पाणी उडून जातं, मिठाचे स्फटिक मात्र गिलाव्यामागे वाढत राहतात. त्यांना जागा हवी असते, म्हणून ते गिलाव्यालाच बाहेर ढकलतात. पुन्हा दमटपणा, पुन्हा वाळणं. दर फेरीला थोडं चित्र सुटतं.

१९८६ ते १९९२ या काळात इजिप्तचं पुरातत्त्व खातं आणि अमेरिकेतील गेटी संस्था यांनी हे थडगं सावरलं. सुटू पाहणाऱ्या चित्रांवर आधी तुतीच्या सालीच्या जपानी कागदाच्या पट्ट्या लावल्या, मग मीठ काढून गिलावा पुन्हा खडकाला चिकटवला. गेलेल्या भागात नवं चित्र रंगवलं नाही. हा संयम मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

आपल्याकडच्या लेण्यांचा बेसाल्ट ज्वालामुखीचा. समुद्राचं मीठ त्याच्या पोटात नाही. पण भेगांतून पावसाळा झिरपतो, आणि अजिंठ्याच्या मातीच्या गिलाव्यातला भुसा, तंतू कीटक खातात.

अशी चित्रं आपल्या जवळ, कान्हेरीच्या लेण्यांतही आहेत; तिथल्या शिलालेखांत सोपाऱ्याच्या दात्यांची नावं आहेत.  तिथल्या ३४ क्रमांकाच्या लेण्याच्या छतावर बुद्धाचं अर्धवट राहिलेलं चित्र अजून दिसतं. बोरिवलीला उतरून तिथे जरूर जा. चित्र डोळे भरून बघा, हात लावू नका आणि घोळक्याने फार वेळ आत थांबू नका.