गोल्फचा बूट : टिकाऊपणा आणि पायाचे सुख

पादत्राण विकत घेताना गिऱ्हाईक बहुधा दोनच प्रश्न विचारते. हा जोड किती दिवस टिकेल, आणि चावणार तर नाही ना? दुकानदार दोन्ही प्रश्नांना एका दमात होकारार्थी उत्तर देऊन मोकळा होतो. वास्तविक हे दोन गुण सहजासहजी एकत्र नांदत नाहीत. जाड सोल व कडक चामडे पुष्कळ दिवस टिकते, पण पायाला जाचते. मऊ, हलका जोडा पहिल्या दिवसापासून पायाला सुखावतो, परंतु लवकर झिजतो. ही ओढाताण प्रत्येक जोड्यात असते. गोल्फच्या बुटात ती विशेष स्पष्ट दिसते. कारण लांबवर चालणे, ओल्या गवतावर स्थिर उभे राहणे आणि शरीराचा पीळ सोसणे ही तिन्ही कामे त्याला एकाच वेळी करावी लागतात.

दुरून पाहणाऱ्याला गोल्फ हा संथ, निवांत खेळ वाटतो. पायांच्या दृष्टीने तो तसा नाही. अठरा होलांच्या मोठ्या मैदानाची लांबी साधारणपणे ६,००० ते ७,००० यार्ड, म्हणजे साडेपाच ते साडेसहा किलोमीटर असते. एका होलाकडून दुसऱ्याकडे जाणे आणि भरकटलेल्या चेंडूमागे फिरणे जमेस धरले, तर चाल सहज सात-आठ किलोमीटरपर्यंत जाते आणि चार-पाच तास पाय बुटातच राहतात. सकाळचे दव, उतार, वाळूचे खड्डे यांतून ही वाट जाते.

खरी परीक्षा मात्र फटका मारताना होते. उजव्या हाताने खेळणारा खेळाडू काठी मागे नेतो तेव्हा त्याचा भार उजव्या पायावर येतो. काठी खाली येऊ लागताच तो भार वेगाने डाव्या पायाकडे सरकतो, कंबर वळते आणि डावे पाऊल बाहेरच्या कडेवर कलू पाहते. त्या क्षणी डाव्या पायाखालचा दाब शरीराच्या वजनाहूनही अधिक असतो. बूट जमिनीवरून घसरला तर फटका वाया जातो. पाऊल बुटाच्या आत सरकले तरीही वाया जातो, शिवाय पायाला फोड येतो तो वेगळाच. म्हणून या बुटाची पकड दुहेरी असावी लागते : सोलाची जमिनीवर आणि बुटाची पावलावर. दुसऱ्या पकडीकडे ग्राहकाचे लक्ष क्वचितच जाते.

जमिनीवरील पकडीचा इतिहास स्कॉटलंडमध्ये सुरू होतो. तेथे १८५७ साली प्रसिद्ध झालेल्या गोल्फविषयक एका पुस्तिकेत, भक्कम जोड्यांच्या तळाला बारीक खिळे ठोकून घ्यावेत, असा सल्ला दिलेला आढळतो. पुढे फिरवून बसवता येणारे धातूचे खिळे, म्हणजेच स्पाइक, आले आणि ते दीर्घकाळ टिकले. त्यांची पकड उत्तम होती, पण होलाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीला ते ओरबाडत आणि कठीण फरशीवर पाय घसरे. १९९०च्या दशकात अमेरिकेत प्लॅस्टिकचे मऊ स्पाइक पुढे आले आणि थोड्याच वर्षांत बहुतेक क्लबांनी धातूच्या स्पाइकांना मनाई केली. २०१०च्या मास्टर्स स्पर्धेत फ्रेड कपल्स हे ख्यातनाम खेळाडू स्पाइक नसलेले, रबरी उंचवट्यांच्या सोलाचे बूट घालून उतरले. तेव्हापासून अशा बुटांची मागणी पुष्कळ वाढली.

येथे टिकाऊपणाचा अर्थच बदलतो. प्लॅस्टिकचा स्पाइक झिजला की लहानशा पान्याने फिरवून काढता येतो व त्या जागी नवा बसवता येतो. मोटारतळाच्या काँक्रीटवर चालल्याने तो फार लवकर झिजतो, हे ध्यानात ठेवलेले बरे. रबरी उंचवटे मात्र सोलाचाच भाग असतात. ते गुळगुळीत झाले की बूटच बाद होतो. पूर्वीच्या जड चामडी बुटांचा सोल शिवलेला असे. तो उसवून कुशल कारागीर नवा सोल बसवू शके. आजचे बहुतेक बूट डिंकाने चिकटवलेले असतात. ते हलके असतात, पायाला सुखद असतात, पण त्यांचा पुनर्जन्म अवघड. ग्राहकाने सुख घेतले आणि दुरुस्ती सोडून दिली, असाच हा व्यवहार आहे.

बुटाचे सगळे भाग एकाच वेळी म्हातारे होत नाहीत. वरचे चामडे शाबूत, टाके घट्ट, रंग तजेलदार. आणि तरीही खेळ संपल्यावर टाचा व पोटऱ्या ठणकतात. याचे कारण आतल्या फेसाळ थरात असते. या थरात हवेचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे असतात. पाऊल पडले की ते दबतात आणि उचलले की फुगतात. हजारो पावलांनंतर मात्र ते पूर्ववत होईनासे होतात. बूट बाहेरून नवा दिसतो, पण धक्का सोसण्याची त्याची शक्ती सरलेली असते. सुख चामड्याच्या आधी मरते, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

याउलट, न वापरताही बूट मरू शकतो. काही प्रकारच्या पॉलियुरेथेनवर हवेतील दमटपणाची रासायनिक क्रिया होते आणि कपाटात जपून ठेवलेल्या बुटाचा सोल काही वर्षांनी भुगा होऊन गळू लागतो. कोकणपट्टी किंवा कोलकात्यासारख्या दमट प्रदेशात हा धोका अधिक. ठेवणीतला जोड ही कल्पना अशा बुटांच्या बाबतीत फसवी आहे. अधूनमधून वापरलेला बूटच बरा.

पाणी आत येऊ न देणाऱ्या बुटात एक पातळ पडदा असतो. त्याच्या अतिसूक्ष्म छिद्रांतून पाण्याचा थेंब जात नाही, पण घामाची वाफ बाहेर पडू शकते. तथापि ती सावकाशच पडते. दिल्लीच्या मे महिन्यातील उन्हात असा बूट घालणे म्हणजे विकतचा त्रास. भिजलेला बूट उन्हात किंवा शेगडीजवळ वाळवल्यास चामडे तडकते व डिंक सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी दुसरा जोड घालावा.

या सर्व चर्चेत खेळाडूचाच विचार होतो. भारतात गोल्फ जुना आहे. कोलकात्याचा क्लब १८२९ सालचा. परंतु येथील मैदानांवर खेळाडूइतकाच, किंबहुना त्याहून अधिक चालणारा माणूस म्हणजे त्याची पिशवी वाहणारा कॅडी. कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या दिल्लीच्या अली शेर यांनी १९९१ साली इंडियन ओपन स्पर्धा जिंकली, हे खरे; पण बहुतेकांचे काम वाहण्याचेच. खेळाडू आठवड्यातून दोनदा येत असेल, तर कॅडी जवळजवळ रोज येतो आणि भरलेल्या पिशवीचे वजन दहा किलोंच्याही वर जाते. त्याच्या बुटातील फेस साहजिकच लवकर दबतो. असे असून त्याच्या पायात पुष्कळदा साधे कॅनव्हासचे बूट असतात.

कॅडीला स्पाइकांची गरज नाही, कारण त्याला फटका मारायचा नसतो. त्याला हवा असतो चालण्याचा चांगला बूट, आणि तो ओळखण्यासाठी मोठ्या किमतीची चिठ्ठी लागत नाही. दिवसभराच्या चालीने पाऊल किंचित सुजते, म्हणून खरेदी संध्याकाळी करावी. अंगठ्यापुढे बोटभर जागा राहावी. टाचेमागचा भाग दाबून पाहावा; तो लगेच चेपता कामा नये. मग बूट दोन्ही हातांनी वाकवावा. बोटे जेथे वाकतात तेथेच तो वाकला पाहिजे. मधोमध दुमडला किंवा ओल्या पंचासारखा पिळला गेला, तर तो परत ठेवून द्यावा.