एक बकरा, दहा घरे : बैहरचे वार्तापत्र

बैहर (जि. बालाघाट, मध्यप्रदेश) : गोंदियाहून उत्तरेला बालाघाट आणि तेथून घाट चढून मैकल रांगेच्या पठारावर आले, की बैहर तहसिलीची हद्द लागते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत या मुलखाचा कारभार नागपूरहून चाले. आज तो भोपाळहून हिंदीत चालतो, आणि जिल्ह्याच्या सखल भागात, वारासिवनी-कटंगी-लांजीकडे, कानी पडणारी मराठी घाटावर विरळ होत जाते. तहसिलीत गोंड आणि बैगा या आदिवासी समाजांची वस्ती मोठी असल्यामुळे ती संविधानाच्या पाचव्या अनुसूचीप्रमाणे अनुसूचित क्षेत्रात मोडते, म्हणजेच तेथील ग्रामसभांना इतरत्र नसलेले काही अधिकार आहेत. शेतकऱ्याकडून थेट आणि एकगठ्ठा मांस घेण्याची जी रीत श्रीमंत देशांत आज नव्याने वाढते आहे, तिचे जुने आणि अधिक काटकसरीचे रूप या पठारावर नांदते आहे, आणि म्हणून ते महाराष्ट्रातील वाचकांनी समजून घेण्याजोगे आहे.

येथील मांस मुख्यतः बकऱ्याचे, गावठी कोंबडीचे आणि काही समाजांत डुकराचे असते. मध्यप्रदेशात २००४ च्या अधिनियमाने गोवंशाच्या वधाला बंदी आहे. शिवाय कान्हा राष्ट्रीय उद्यानाचा मुक्की दरवाजा बैहरच्याच बाजूला उघडत असला, तरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर रानातली शिकार हा गुन्हा आहे. साहजिकच मांसाची सारी भिस्त पाळीव जनावरांवर येते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत मध्यप्रदेशातील शेळ्यांची संख्या सुमारे १ कोटी १० लाख भरली होती, म्हणजे महाराष्ट्रातल्या सुमारे १ कोटी ६ लाखांपेक्षा थोडी अधिक. कोरडवाहू शेती आणि वनोपज यांवर जगणाऱ्या कुटुंबासाठी शेळी ही अडीअडचणीची ठेव असते. दवाखाना, लग्न किंवा बियाणे यांचा खर्च उभा राहिला की ती विकली जाते. जंगलाला लागून असलेल्या गावांत बिबट्याच्या भीतीने तिला रात्री घराच्या आडोशाला घ्यावे लागते, आणि हे कष्टही तिच्या किमतीत धरायला हवेत.

अशा मुलखात एकट्या कुटुंबाने पूर्ण बकरा घेणे क्वचितच परवडते. म्हणून मध्य भारतात आणि विदर्भात सर्वत्र रूढ असलेली हिस्सा-पद्धत, जिला पश्चिम महाराष्ट्रात वाटे घालणे म्हणतात, येथेही उपयोगी पडते. काही घरे मिळून पाळणाऱ्याच्या दारातून किंवा आठवडी बाजारातून जिवंत जनावर ठरवतात. बहुधा ते वजनावर नव्हे, तर नगावर, म्हणजे पाठीवरून हात फिरवून केलेल्या अंदाजावर घेतले जाते. कापल्यानंतर जिवंत वजनाच्या साधारण निम्मे, किंबहुना थोडे कमीच, हाडांसह मांस हाती येते, म्हणून वीस किलोच्या बकऱ्यापासून नऊ-दहा किलोंची अपेक्षा धरली जाते. मग जितकी घरे तितके ढीग मांडतात, आणि हिस्सा पाडण्याचे मर्म असे, की प्रत्येक ढिगात मांडीचे, फऱ्याचे, छातीचे आणि बरगडीचे तुकडे थोडेथोडे पडले पाहिजेत व कलेजीही सर्वांना पोहोचली पाहिजे. मुंडी, पाय आणि वजडी यांचा निर्णय वेगळा होतो : कधी ती कापणाऱ्याला मजुरीदाखल जातात, कधी एखादे घर ती मागून घेते. चांगला भाग एकाकडे आणि हाडे दुसऱ्याकडे असे घडू नये, ही या वाटणीतील न्यायाची कल्पना आहे. गोंडांच्या बडादेवाच्या पूजेत अर्पण केलेल्या पशूचे मांस उपस्थितांत वाटले जाते, तेव्हाही हाच समभाग पाळला जातो.

या खरेदीला पंचांगाचीही बंधने आहेत. धुळवडीला आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मागणी चढते, तर सावन लागला की अनेक हिंदू शेतकरी घरांत मांस बंद होते. मध्यप्रदेशात पौर्णिमान्त पंचांग, म्हणजे पौर्णिमेला महिना संपणारी कालगणना, चालत असल्याने हा महिना महाराष्ट्रातील श्रावणापेक्षा पंधरवडाभर आधी सुरू होतो, त्यामुळे एकाच सीमेच्या दोन बाजूंना मांसाचे दिवस आणि वर्ज्य दिवस जुळत नाहीत.

अमेरिकेतील थेट खरेदीशी तुलना केली, म्हणजे या पद्धतीचे वेगळेपण स्पष्ट होते. तेथे मांसतपासणीचा पहिला व्यापक संघीय कायदा १९०६ मध्ये झाला आणि विक्रीचे मांस तपासणीखालील कत्तलखान्यातूनच यावे, असा नियम रुजला. मात्र मालकाने स्वतःच्या घरासाठी आपले जनावर कापून घेतल्यास त्याला प्रत्येक जनावरामागच्या सरकारी तपासणीतून सूट आहे, आणि त्या मांसावर ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का असतो. म्हणून ग्राहक जनावर जिवंत असतानाच त्याचा अर्धा किंवा पाव हिस्सा विकत घेऊन सहमालक होतो. करोनाच्या साथीत, २०२० च्या वसंतात, प्रचंड कत्तलखाने बंद पडून दुकानांतील मांस आटले, तेव्हा लहान खाटकांकडे अशा मागण्यांची रांग लागली. परंतु गुराचा पाव हिस्सादेखील पन्नास किलोंच्या आसपास भरतो, आणि तो महिनोन्‌महिने टिकवायचा तर उणे १८ अंश तापमानाची शीतपेटी व अखंड वीज लागते. घाऊक खरेदीत एका जनावराचे मांस अनेक जेवणांवर पसरावे लागते. अमेरिकी कुटुंब ते वर्षभराच्या दिवसांवर पसरते, बैहरचे कुटुंब ते त्याच दिवशी शेजाऱ्यांवर पसरते. तेथे जे काम यंत्र करते, ते येथे परस्परविश्वास करतो, आणि विजेचा भरवसा नसलेल्या मुलखात हा मार्ग अधिक शहाणपणाचा आहे.

तथापि विश्वास हा आरोग्याची हमी देऊ शकत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर आंत्रविषार आणि पीपीआर, म्हणजे शेळ्यांचा प्लेग, यांनी जनावरे दगावतात, आणि आजारी बकरा स्वस्तात काढून टाकण्याचा मोह गरजू पाळणाऱ्याला होतो. अचानक मेलेले जनावर फाशी रोगाचे असेल, तर त्याची चिरफाड करणाऱ्यालाच काळपुळीचा संसर्ग होतो. अशा जनावराला सुरी न लावता खोल पुरणे हाच योग्य उपाय होय. कायद्याची रचना पाहिली, तर २००१ चे कत्तलखाना नियम दिवसाला दहा किंवा अधिक जनावरे कापणाऱ्या ठिकाणांसाठी आहेत. त्याहून लहान व्यावसायिकाला, म्हणजे दिवसाला दहापर्यंत लहान जनावरे किंवा पन्नासपर्यंत कोंबड्या कापणाऱ्याला, अन्नसुरक्षेच्या २०११ च्या विनियमांनुसार केवळ नोंदणी पुरते. नोंदणी सोपी आहे हे चांगलेच, परंतु जनावर डोळ्यांखालून घालणारा पशुवैद्य बाजाराच्या दिवशी जागेवर असल्याखेरीज कागदाला अर्थ येत नाही.

येथे अनुसूचित क्षेत्राचा दर्जा उपयोगी पडू शकतो. १९९६ च्या पेसा कायद्याने, म्हणजे पंचायतराज व्यवस्था अनुसूचित क्षेत्रांना लागू करणाऱ्या कायद्याने, गावबाजारांचे व्यवस्थापन ग्रामसभा व पंचायतींच्या कक्षेत आणले आहे, आणि मध्यप्रदेशाने त्याचे नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये लागू केले. आठवडी बाजारात सिमेंटचा ओटा, वाहते पाणी, सांडपाण्याचा खड्डा आणि जिवंत जनावर तोलण्याचा काटा एवढी सोय ग्रामसभेने मागितली, आणि शेळ्यांचे लसीकरण व जंतनाशक गावातच करणाऱ्या प्रशिक्षित पशुसखींना या सोयीशी जोडून घेतले, तर खरेदीदाराला निरोगी मांस मिळेल आणि पाळणाऱ्याला अंदाजाऐवजी वजनाचा भाव मिळेल. काट्याचा सर्वांत मोठा लाभ त्या बाईला होईल, जी घरखर्चासाठी एकुलता बकरा घेऊन बाजारात येते आणि ज्याच्याशी ती भाव करते, त्या व्यापाऱ्याचा अंदाज तिच्यापेक्षा नेहमीच सराईत असतो.

गोंदिया, भंडारा, गडचिरोली या जिल्ह्यांतील बाजारांची गरजही याहून वेगळी नाही, आणि गडचिरोलीच्या अनुसूचित गावांना तर पेसाचे अधिकारही आहेत. हिस्सा-पद्धतीत जनावर कोणाचे, ते काय खाऊन वाढले आणि ते कोणी कापले, हे प्रत्येक वाटेकऱ्याला ठाऊक असते. याच माहितीसाठी परदेशातील ग्राहक आज मुद्दाम शेतापर्यंत जातो. ती माहिती जेथे आधीच हाताशी आहे, तेथे तिला तपासणीची आणि तराजूची जोड देणे, एवढेच काम शासनाकडे आणि ग्रामसभांकडे उरते, आणि ते लांबणीवर टाकण्याला कोणतेही सबळ कारण नाही.