चिपच्या पोटातलं वेबपान

घाटकोपरच्या एखाद्या सोसायटीने पाण्याची पातळी मोजायला गच्चीवरच्या टाकीला ईएसपी३२ चिप बसवली, तर तिच्या वायफायला मोबाइल जोडून ब्राउझरमध्ये १९२.१६८.४.१ टाकताच पातळी दाखवणारं पान उघडू शकतं. इंटरनेट लागत नाही, वेगळा सर्व्हरही नाही. मग पान असतं कुठे?

थेट प्रोग्राममध्येच.

कृती : छोटी स्क्रिप्ट एचटीएमएल, सीएसएस आणि चित्रांच्या फाइल्स जीझिपने आवळते. मग ‘एक्सएक्सडी’ हे जुनं साधन ‘-आय’ पर्यायासह प्रत्येक बाइटचा आकडा लिहून सी भाषेतली रांग तयार करतं. शेवटी एकूण लांबीही नोंदवतं. ही रांग बाकीच्या कोडबरोबर कंपाइल होते. पान आवळलेलं आहे, हे ब्राउझरला हेडरमधून कळवलं की तो ते स्वतः उलगडतो.

स्क्रिप्टविना : चिप बनवणाऱ्या शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीच्या ईएसपी-आयडीएफ या सॉफ्टवेअर संचात बिल्डच्या यादीत फाइलचं नाव दिलं तरी काम भागतं. गो भाषेत ही सोय फेब्रुवारी २०२१ मध्ये १.१६ आवृत्तीपासून आली; सी भाषेच्या सी२३ या मानकातही त्यासाठी ‘#एम्बेड’ दाखल झालं.

फायदा : वाटायला एकच फाइल. पान हरवण्याची किंवा प्रोग्राम आणि पान यांच्या आवृत्त्या न जुळण्याची भीती नाही.

तोटा : पानावरचा स्वल्पविराम बदलायचा असला, तरी प्रोग्राम पुन्हा कंपाइल करून चिपमध्ये भरावा लागतो.