प्रवाळांचे पाणी घडवणारे स्पंज

उष्ण कटिबंधातला समुद्र निळाशार, नितळ दिसतो, कारण त्यात पोषणद्रव्ये फारच थोडी असतात. तरीही त्याच पाण्यात प्रवाळभित्ती जीवसृष्टीने गजबजलेल्या असतात. डार्विनने १८४२ मध्ये प्रवाळभित्तींवर ग्रंथ लिहिला. हे कोडे आज त्याच्याच नावाने ओळखले जाते. माझ्या मते या कोड्याच्या उत्तराचा मोठा भाग स्पंजांपाशी आहे. प्रवाळ आणि शैवाल यांच्यातून शर्करेसारखी सेंद्रिय द्रव्ये सतत पाण्यात झिरपत असतात. विरघळलेले हे अन्न बहुतेक प्राण्यांना खाता येत नाही. स्पंजाला येते. त्याला ना तोंड, ना पोट. अंगावरच्या असंख्य छिद्रांतून पाणी आत घ्यायचे, त्यातले हवे ते टिपायचे आणि उरलेले बाहेर सोडायचे, हाच त्याचा अखंड उद्योग. कॅरिबियनमधल्या कुरासाओ बेटाजवळ, खडकांच्या कपारींत ‘हॅलिसार्का सेरुलिया’ हा स्पंज पातळ थरासारखा पसरलेला असतो. तो भरपूर खातो, पण वाढत मात्र फारसा नाही. मग खाल्लेले जाते कुठे? त्याच्या गाळणाऱ्या पेशी पाच-सहा तासांत दुभंगतात आणि जुन्या झडून जातात. संशोधक यास्पर द खुय आणि सहकाऱ्यांनी जड कार्बन व नायट्रोजनची खूण केलेले अन्न त्याला दिले. तीच खूण पुढे या झडलेल्या कणांत आणि आसपासच्या प्राण्यांच्या शरीरात सापडली. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. एरवी प्रवाहाबरोबर वाहून गेले असते, ते अन्न भित्तीवरच राहिले.

नायट्रोजनची कथाही अशीच. अनेक स्पंजांच्या शरीरात जिवाणूंची दाट वस्ती असते. त्यातले काही अमोनियाचे नायट्रेट करतात, आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरील स्पंजांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात हे नायट्रेट मोजले गेले आहे.

स्पंज भित्तीला पोसतात, या म्हणण्यावर एक आक्षेप आहे, आणि तो वजनदार आहे. जोसेफ पॉलिक आणि इतर संशोधकांचे म्हणणे असे की, उघड्यावर वाढणारे पिंपाएवढे स्पंज असे कण फारसे टाकत नाहीत; उलट त्यांनी सोडलेल्या पोषणद्रव्यांवर शैवाल फोफावते, त्यातून पुन्हा शर्करा पाझरते आणि प्रवाळांचीच कोंडी होते. १९८३-८४ मध्ये शैवाल खाणारे काळे सागरी साळू साथीने मेले, त्या कॅरिबियनमध्ये ही भीती निराधार नाही. पण या आक्षेपाने स्पंजांचे महत्त्व कमी होत नाही. स्पंज सरसकट उपकारक नाहीत एवढेच सिद्ध होते. पाण्याचे रसायन तेच बदलतात, फायदा कोणाचा हे शैवाल खाणारे किती उरलेत यावर ठरते. म्हणूनच केवळ जिवंत प्रवाळांचे क्षेत्रफळ मोजून भित्तीची प्रकृती ठरवणे मला अपुरे वाटते. वरून केलेल्या पाहणीत कपारींतले स्पंज दिसतच नाहीत, आणि पाण्यावरचे पुष्कळसे काम तिथेच चालते.